निजाम हरला १७ सप्टेंबरला, मग १८ सप्टेंबरपासून मराठवाडा चालवला कोणी? जनरल चौधरींची गोष्ट

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात जवळा बाजार नावाचं गाव आहे. १७ सप्टेंबर उजाडला की मराठवाड्यातल्या बाकी गावांसारखंच इथंही झेंडावंदन होतं. भाषणं होतात, रझाकारांच्या आठवणी निघतात, स्वामी रामानंद तीर्थ आणि सरदार पटेल यांची नावं घेतली जातात. पोरं खाऊ घेऊन घरी जातात आणि विषय संपतो.

पण एक साधा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. निजामानं १७ सप्टेंबर १९४८ ला हात टेकले, मग दुसऱ्या दिवशी सकाळी कारभार कोणाच्या हातात होता?

उत्तर आहे, एका मेजर जनरलच्या. नाव जयंतनाथ चौधरी. १८ सप्टेंबर १९४८ पासून १९४९ संपेपर्यंत, म्हणजे साधारण सव्वा वर्ष, जवळा बाजार, ते ज्या परभणी जिल्ह्यात होतं तो जिल्हा (हिंगोली वेगळा झाला तो १ मे १९९९ ला) आणि सोळा जिल्ह्यांचं अख्खं हैदराबाद संस्थान लष्करी गव्हर्नरच्या ताब्यात होतं. विधानसभा नाही, निवडून आलेला मंत्री नाही. कायदे निघायचे ते गव्हर्नरच्या सहीनं.

आता जगाचा अनुभव असा आहे की लष्कर एकदा सत्तेत बसलं की उठता उठत नाही. शेजारच्या पाकिस्तानात ते दिसलं, तुर्कस्तानात दर दहा-वीस वर्षांनी दिसत राहिलं. मग इथंच हा माणूस उठून गेला तो कसा? आणि हाच माणूस पुढं देशाचा लष्करप्रमुख झाला, तेव्हा दिल्लीत त्याच्याबद्दल संशयाची कुजबुज का झाली?

चौधरींचा जन्म १० जून १९०८ चा, बंगालमधल्या बड्या घराण्यातला. आईचे वडील म्हणजे व्योमेशचंद्र बॅनर्जी, काँग्रेसचे पहिले अध्यक्ष. वडील बॅरिस्टर. बंगाली लेखक प्रमथ चौधरी हे काका आणि सिनेमातली पहिली मोठी नायिका देविका राणी ही चुलत बहीण. थोडक्यात घरात वकिली, साहित्य, राजकारण, सिनेमा सगळं होतं, नव्हतं ते फक्त सैन्य. कलकत्ता आणि लंडनमध्ये शाळा झाल्यावर हे चिरंजीव इंग्लंडच्या सँडहर्स्ट लष्करी अकादमीत गेले. तिथं त्यांच्या मिशीवरून मुच्छू हे नाव पडलं आणि ते जन्मभर चिकटलं.

१९२८ च्या फेब्रुवारीत ते अधिकारी होऊन बाहेर पडले. त्याच तुकडीतून आणखी एक हिंदुस्थानी तरुण बाहेर पडला होता, हजाऱ्याकडचा पठाण मुलूख त्याचा. नाव अयूब खान. या दोन नावांची जोडी लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दुसऱ्या महायुद्धात चौधरी सुदान, एरिट्रिया, अबिसीनिया आणि आफ्रिकेच्या वाळवंटात लढले. नंतर ब्रह्मदेशात सोळाव्या लाइट कॅव्हलरीचं नेतृत्व केलं. स्वातंत्र्यानंतर दिल्लीत लष्करी मोहिमांच्या संचालकपदावर आले आणि १९४८ च्या मे महिन्यात पहिल्या आर्मर्ड डिव्हिजनचे प्रमुख झाले. रणगाड्यांची ही डिव्हिजन सोलापूरच्या बाजूनं हैदराबादवर जाणार होती.

इथं थोडं मागं जायला हवं, कारण निजामाच्या राज्यात लष्कर आणि सत्ता यांचा गुंता नवा नव्हता. एकोणिसाव्या शतकात खुद्द हिंगोलीत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. फौज नावाला निजामाची, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा आणि खर्च निजामाच्या खजिन्यातून. हा खर्च थकत गेला आणि १८५३ मध्ये त्यापोटी निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावा लागला. हिंगोलीच्या शेजारचा वाशीम-अकोल्याचा मुलूख गेला तो या फौजेच्या बिलापायी. पगार आपण द्यायचा आणि बंदूक दुसऱ्याचं ऐकणार, अशी फौज पोसली की काय होतं ते निजामाच्या घराण्यानं त्यात पाहिलं होतं.

तरी शेवटच्या निजामानं, मीर उस्मान अलीनं, वेगळ्या तऱ्हेनं तेच होऊ दिलं. त्याची नियमित फौज जनरल अल इद्रूस यांच्या हाताखाली होती. पण गावोगाव हुकमत चालत होती ती लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकारांची. ही खासगी सशस्त्र संघटना. ती ना सेनापतीला जुमानत होती, ना धड निजामाला. मराठवाड्यातल्या खेड्यांनी रझाकारांची लूट, जाळपोळ आणि खून सोसले आणि घराघरांत त्याच्या कहाण्या अजून आहेत. हत्यारबंद संघटनेला सत्तेत शिरू दिलं की दरबार, प्रधानमंत्री, सेनापती सगळे मागं पडतात. हैदराबादच्या शेवटच्या वर्षात नेमकं हेच झालं.

१३ सप्टेंबरला पहाटे भारतीय फौजा आत शिरल्या. चौधरींची डिव्हिजन सोलापूरहून नळदुर्गवर गेली आणि बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला. मग उमरगा, हुमनाबाद करत रणगाडे हैदराबादच्या रस्त्याला लागले. दुसऱ्या बाजूनं औरंगाबाद, जालन्याकडे वेगळ्या तुकड्या उतरल्या. पाच दिवसांत खेळ आटोपला. १७ तारखेला निजामानं रेडिओवरून शस्त्रसंधी जाहीर केली आणि १८ तारखेला हैदराबादबाहेर अल इद्रूस यांनी चौधरींसमोर शरणागती पत्करली.

सरकारी नाव होतं पोलीस ॲक्शन. रणगाडे, विमानं, तोफा घेऊन केलेल्या कारवाईला पोलीस म्हणायचं, यात दिल्लीची कायदेशीर चतुराई होती. हा परक्या देशाशी झालेला संग्राम नसून घरातला बंदोबस्त आहे, हे जगाला सांगायचं होतं. मराठवाड्यातली जुनी माणसं आजही तो काळ पोलीस ॲक्शन याच नावानं मोजतात.

चौधरी त्या वेळी चाळीस वर्षांचे होते. निजामाला गादीवरून काढलेलं नव्हतं. त्याच्याकडून फर्मान काढून घेतलं गेलं आणि राज्य चालवायचे अधिकार लष्करी गव्हर्नरला दिले गेले. म्हणजे कागदावर राज्य निजामाचं, अंमल जनरलचा आणि हुकूम दिल्लीतल्या संस्थान खात्याचा, अर्थात पटेलांचा. ही तिहेरी रचना डोक्यात ठेवली की पुढचं कोडं अर्धं सुटतं.

मात्र त्याआधी एक गोष्ट, जी १७ सप्टेंबरच्या भाषणात सहसा येत नाही. शरणागतीच्या आगेमागे आणि नंतरच्या आठवड्यांत संस्थानातल्या मुसलमानांवर मोठा हिंसाचार झाला. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या गटाला पाहणीसाठी पाठवलं. हा गट १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फिरला. त्यांचा अंदाज होता की किमान २७ हजार ते ४० हजार माणसं मारली गेली. सर्वांत जास्त झळ लागलेल्या जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा यांची नावं दिली. काही ठिकाणी सैन्यातली आणि पोलिसांतली माणसंच यात सामील होती, तर अनेक ठिकाणी सैन्यानंच मुसलमानांना वाचवलं, असं दोन्ही त्या अहवालात आहे. पटेलांना तो अहवाल पटला नाही आणि कित्येक दशकं तो जाहीरही झाला नाही. रझाकारांचे अत्याचार खरे होते आणि हेही खरं आहे. चौधरींच्या कारकिर्दीचा हिशोब मांडायचा तर सुरुवातीचा हा काळ त्यांच्या खात्यातून वगळता येत नाही. गव्हर्नर तेच होते.

तेलंगणात त्याच काळात कम्युनिस्टांचा शेतकरी लढा पेटला होता. लष्करी राजवटीनं त्याच्यावर कडक हात चालवला. हजारो लोक पकडले गेले. जमीनदारांविरुद्ध उठलेल्या माणसाला रझाकार गेले आणि लष्कर आलं यात फारसा फरक वाटला नसेल तर नवल नाही.

आणि तरीही याच राजवटीनं असं एक काम केलं की ज्याचा परिणाम मराठवाड्याच्या सातबाऱ्यावर आजही दिसतो. निजामाच्या राज्यात सुमारे ४० टक्के मुलूख सरकारी नव्हताच. तो जहागीरदारांचा किंवा निजामाच्या खासगी मालकीचा, ज्याला सर्फ-ए-खास म्हणत. जहागिरीतल्या गावात वसुली, कचेरी, काही ठिकाणी पोलीससुद्धा जहागीरदाराचेच. १९४९ मध्ये सर्फ-ए-खास सरकारी मुलखात मिसळलं गेलं आणि ऑगस्टमध्ये लष्करी गव्हर्नरच्या सहीनं जहागिरी रद्द करणारा कायदा निघाला. पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था एका कागदानं मोडली. गंमत म्हणा की विरोधाभास म्हणा, पण निवडून आलेल्या विधानसभेत याच कायद्याला किती वर्षं लागली असती, हा विचार मनात येतोच. तो विचार धोक्याचाही आहे, कारण जगातल्या प्रत्येक लष्करशहाचा बचाव नेमका इथूनच सुरू होतो.

मग चौधरी लष्करशहा का झाले नाहीत?

स्वभावानं ते सज्जन होते म्हणून, हे उत्तर सोपं आहे पण पुरेसं नाही. पहिल्या दिवसापासून त्यांच्या शेजारी दुसरी खुर्ची होती. मुंबई प्रांतातले वरिष्ठ आयसीएस अधिकारी डी. एस. बखले मुख्य नागरी प्रशासक म्हणून आले होते. जिल्ह्याजिल्ह्यांत, जिथं निजामाच्या काळात अव्वल तालुकदार बसायचे, तिथं शेजारच्या प्रांतांमधले मुलकी अधिकारी आणून बसवले गेले. म्हणजे परभणीच्या शेतकऱ्याचं काम कचेरीत अडलं तर समोर कर्नल नव्हता, साहेब होता. लष्कराचं बोट वसुलीच्या, न्यायाच्या, शाळेच्या रोजच्या कामात फार खोल गेलंच नाही. पाकिस्तानात आणि तुर्कस्तानात उलटं झालं. तिथं अधिकारी महामंडळांत, कारखान्यांत, पेन्शन फंडांत शिरले आणि मग सत्ता सोडणं म्हणजे धंदा सोडणं झालं.

दुसरं म्हणजे चौधरी स्वतःच्या बळावर आले नव्हते. वर सदर्न कमांड, त्याच्यावर सरसेनापती, त्याच्यावर मंत्रिमंडळ. दिल्लीनं नेमलं, दिल्लीच परत बोलावणार. मुदत वाढत गेली ती लष्कराच्या हट्टानं नव्हे. स्टेट काँग्रेसमध्ये गट पडले होते आणि सत्ता कोणाला द्यायची हे दिल्लीला ठरवता येत नव्हतं. शेवटी १९४९ च्या अखेरीस एम. के. वेल्लोडी या आयसीएस अधिकाऱ्याकडे कारभार गेला आणि चौधरी सैन्यात परतले. वेल्लोडीही निवडून आलेले नव्हतेच. मतपेटीतून आलेलं पहिलं सरकार १९५२ मध्ये बसलं, बुर्गुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. म्हणजे जवळा बाजारच्या माणसाला स्वातंत्र्यानंतर साडेचार वर्षांनी पहिल्यांदा स्वतःच्या मताचं सरकार मिळालं.

या गोष्टीत तुर्कस्तान नुसत्या तुलनेपुरतं येत नाही. मुस्तफा केमाल हा सेनापती. त्यानं १९२३ मध्ये प्रजासत्ताक उभं केलं आणि पुढच्याच वर्षी खलिफाला देशाबाहेर काढलं. परागंदा झालेल्या त्या खलिफाला, अब्दुल मजीदला, पैसा पुरवला तो आपल्याच निजामानं. १९३१ मध्ये खलिफाची मुलगी दुर्रूशहवार निजामाच्या थोरल्या मुलाची बायको होऊन हैदराबादेत आली. खलिफासाठी खुलताबादजवळ कबरसुद्धा बांधली गेली, पण तिथं त्याला पुरलं गेलं नाही. तुर्की सैन्यानं घरातून काढलेल्या राजकन्येनं १९४८ मध्ये सासरचं राज्यही दुसऱ्या सैन्यासमोर संपताना पाहिलं. इतिहास असे टाके घालतो.

त्या तुर्कस्तानात सैन्य स्वतःला प्रजासत्ताकाचा राखणदार समजू लागलं. २७ मे १९६० ला पहिलं बंड झालं. पदच्युत पंतप्रधान अदनान मेंदेरेस यांना १९६१ मध्ये फाशी दिली, तारीख होती १७ सप्टेंबर. मग १९७१ मध्ये लष्कराच्या निवेदनानं सरकार गेलं, १९८० मध्ये जनरल केनान एव्हरेन यांनी सत्ता घेतली, १९९७ मध्ये पंतप्रधान एर्बाकान यांना घालवलं. या सगळ्याचं यंत्र म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा परिषद. मंत्री आणि सेनापती एका टेबलावर आणि सेनापतींचा सल्ला मोडायची मंत्र्यांची छाती नाही. युरोपीय संघात जायचं म्हणून २००३ नंतर या परिषदेचे दात काढले गेले. २०१६ मध्ये बंड झालं, लोक रस्त्यावर उतरले आणि ते फसलं. त्यानंतर सैन्य मुलकी सरकारच्या मुठीत आलं खरं, पण ती मूठ एकाच माणसाची, एर्दोआन यांची, अशी तिथल्या विरोधकांची तक्रार आहे.

भारतात नेहरूंनी हा धोका लवकर ओळखला होता. इंग्रजांच्या काळात सरसेनापती हा व्हाइसरॉयखालोखालचा माणूस. १९५५ मध्ये ते पदच काढून टाकलं आणि तिन्ही दलांचे प्रमुख बरोबरीला आणले. सरसेनापतीचा दिल्लीतला बंगला, तीन मूर्ती भवन, त्याआधीच पंतप्रधानांचं घर झाला होता.

चौधरी या नव्या व्यवस्थेत वर चढत गेले. १९५९ मध्ये सदर्न कमांडचे प्रमुख म्हणून पुण्यात आले. १९६१ च्या डिसेंबरमध्ये गोवा मुक्त झाला, ती मोहीम त्यांच्याच कमांडची. गोव्यातही काही महिने लष्करी गव्हर्नर बसला, मेजर जनरल कँडेथ, आणि तोही १९६२ च्या मध्यात मुलकी अधिकाऱ्याच्या हाती कारभार देऊन निघाला. हैदराबादचा नमुना पुन्हा वापरला गेला.

मग चीन. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये पराभव झाला, जनरल थापर गेले आणि चौधरी लष्करप्रमुख झाले. त्याच आठवड्यात मुंबईहून यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीत पोचले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असं आपल्याकडे तेव्हापासून म्हटलं जातं. चव्हाणांनी रोज सकाळी तिन्ही दलप्रमुख आणि सचिवांची बैठक घ्यायचा पायंडा पाडला. ऐकायला साधं, पण आधीच्या संरक्षणमंत्र्यांच्या काळात सेनापतींशी नीट बोलणंच तुटलं होतं. चौधरींनी पराभवाच्या चौकशीसाठी हेंडरसन ब्रूक्स आणि भगत यांना नेमलं. चौकशीची मर्यादा मात्र लष्करी कारवाईपुरती ठेवली. मंत्र्यांच्या चुका मोजायचं काम सैन्यानं अंगावर घेतलं नाही. हे बरं केलं की वाईट, यावर वाद होऊ शकतो. सरकारनं तो अहवाल आजवर प्रसिद्ध केलेला नाही.

२७ मे १९६४. नेहरू गेले. अंत्ययात्रेला लाखोंची गर्दी होणार हे उघड होतं आणि गांधीजींच्या वेळी गर्दी कशी आवरेनाशी झाली ते चौधरींना माहीत होतं. त्यांनी बाहेरून काही हजार जवान दिल्लीत आणले. झालं! पंतप्रधान नाही, वारस ठरलेला नाही आणि राजधानीत सैन्य. शेजारी अयूब खाननं १९५८ मध्ये असंच देश ताब्यात घेतलेलं. कुजबुज सुरू झाली आणि चौधरींना चव्हाणांपुढं खुलासा द्यावा लागला. खुलासा पटला, प्रकरण मिटलं. कुजबुजीत काही तथ्य होतं असं मला वाटत नाही. ज्यानं सव्वा वर्ष एका राज्याची पूर्ण सत्ता भोगून परत केली होती, त्याच्यावरच संशय यावा हे त्याच्या दृष्टीनं कडू होतं. पण सैन्य हललं की सेनापतीनं मंत्र्याला कारण सांगायचं, ही सवय तिथं पक्की झाली.

पुढच्याच वर्षी सँडहर्स्टच्या त्या तुकडीतले दोघे समोरासमोर आले. अयूब पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष आणि स्वतःच फील्ड मार्शल, चौधरी भारताचे लष्करप्रमुख. १ सप्टेंबर १९६५ ला छांब भागात पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हा दुपारी चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग चव्हाणांकडे आले आणि विमानं वापरायची परवानगी मागितली. चव्हाणांनी ती काही मिनिटांत दिली आणि संध्याकाळ व्हायच्या आत विमानं उडाली. अयूबना कोणाची परवानगी लागत नव्हती. त्यांना थांबवणारंही कोणी नव्हतं आणि त्यांचा काश्मीरचा डाव फसला त्यात याचाही वाटा होता.

चौधरींचं युद्धातलं काम मात्र निर्विवाद नाही. खेमकरणच्या आघाडीवर बिकट वेळ आली तेव्हा त्यांनी बियास नदीमागं हटायला सुचवलं आणि आपण नकार दिला, असं लेफ्टनंट जनरल हरबक्ष सिंग यांनी नंतर सांगितलं. शस्त्रसंधीच्या सुमारास शास्त्रीजींनी विचारल्यावर त्यांनी दारूगोळा बराच संपल्याचं सांगितलं, पण पुढं हिशोब झाला तेव्हा साठा पुष्कळ शिल्लक निघाला. चव्हाणांच्या त्या दिवसांतल्या नोंदींतही सेनापतीला धीर द्यावा लागल्याचे उल्लेख आहेत. आपल्या कराडच्या वकिलानं सँडहर्स्टच्या जनरलला धीर द्यावा, हे चित्र मोठं बोलकं आहे.

१९६६ च्या जूनमध्ये चौधरी निवृत्त झाले. त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि लगेच कॅनडात उच्चायुक्त म्हणून पाठवलं गेलं. निवृत्त सेनापतीला मानाची पण दूरची जागा द्यायची ही दिल्लीची जुनी तऱ्हा. अयूब खानना १९६९ मध्ये जनतेच्या असंतोषानं खाली उतरावं लागलं, पण खुर्ची गेली ती दुसऱ्या जनरलकडेच, याह्या खानकडे. त्याच वर्षी चौधरींची कॅनडातली मुदत संपली. नंतर ते शिकवत राहिले, लिहीत राहिले. वर्दीत असतानाही ते स्टेट्समन दैनिकात नाव न देता लष्करी विषयांवर लिहायचे. १९७८ मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं आणि ६ एप्रिल १९८३ ला ते गेले.

तोवर मराठवाडा महाराष्ट्रात येऊन पिढी उलटली होती. जहागिरी मोडल्यावर १९५० मध्ये आलेला हैदराबादचा कूळ कायदा मात्र मराठवाड्यातल्या जमिनींच्या दाव्यांत अजून निघतो.